प्राणायाम : विधी आणि विद्या

संध्या करीत असलेल्या मनुष्याचे चित्र काढण्यास कोणा चित्रकारास सांगितले, तर तो बहुधा एकच क्षण निवडील. पाटावर मांडी घातलेली, पुढे पळी-पंचपात्र व ताम्हन, आणि उजव्या हाताची बोटे नाकाशी. संध्येत आचमन आहे, मार्जन आहे, अर्घ्य आहे, जप व उपस्थानही आहे. पण लोकांच्या डोळ्यांत भरले ते नाक धरणेच. ‘तो काय, नाक धरून बसला आहे,’ असे आपण ज्याच्याविषयी बोलतो, त्याच्याविषयी आपल्याला फारसा आदर वाटत असतो असे नव्हे. भाषेत एखाद्या विधीची चेष्टा रुळली, की त्या विधीतला प्राण बराच आधी निघून गेला आहे असे खुशाल समजावे. येथे तर प्रत्यक्ष प्राणाचाच विधी!

स्मृतिकारांनी सांगितलेला प्राणायाम सोपा नाही. प्रणवासह सात व्याहृती, त्यानंतर गायत्री, त्यानंतर शिरोमंत्र, असे सारे श्वास आवरून मनातल्या मनात तीन वेळा म्हणावे, तेव्हा एक प्राणायाम होतो. ज्यांना हे मंत्र येतात त्यांनी घड्याळ समोर ठेवून पाहावे. घाई न करता एकदा म्हणण्यास दहाबारा सेकंद सहज लागतात. मग तीन आवर्तनांना किती लागतील याचा हिशेब वाचकांनीच करावा, आणि मुंजीनंतर आपण जो प्राणायाम केला, किंवा आपल्या घरी होताना पाहिला, त्याला किती वेळ लागत असे तेही आठवावे. बोटे नाकाला लागली न लागली तोच ती पुन्हा पळीकडे वळत. विधी शिल्लक राहिला. त्याच्या पोटातली विद्या मात्र ओसरली.

आमचे आजोबा या बाबतीत निराळे होते. ते बडोदे संस्थानच्या हिशेबी खात्यात कारकून होते. १९४९ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि पुढे थोड्याच वर्षांत ते निवृत्त झाले. त्यांची संध्या लांबे, आणि लांबे ती प्राणायामापाशी. आम्ही लहानपणी त्यांच्या समोर बसून मनातल्या मनात आकडे मोजीत असू. त्यांचे खांदे वर जात नसत, मान ताठत नसे, चेहऱ्यावर कष्टाची रेषा उमटत नसे. तर्जनी व मध्यमा मिटलेल्या, अंगठा एका नाकपुडीवर, अनामिका आणि करंगळी दुसरीवर. आणि श्वास सोडताना तर तो सुटतो आहे की नाही हेही कळू नये, इतका बारीक. आम्ही एकदा विचारले, “आजोबा, तुमचा जीव घाबरा होत नाही का हो?” त्यांनी संध्या पूर्ण केली, ताम्हनातले पाणी तुळशीला घालून आले आणि मग म्हणाले, “घाबरा झाला तर समजावे, आपण हावरेपणा केला. सोडून द्यावा. देव काही घड्याळ लावून बसलेला नाही, बाळ.”

आजीला संध्येचा अधिकार नव्हता. ती तुळशीची माळ घेऊन देवघराच्या उंबऱ्याशी बसे आणि ओठांतल्या ओठांत नाम घेई. या दोघांपैकी योगाभ्यास कोण करीत होते, असा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला असता तर घरातल्या सर्वांनी आजोबांकडे बोट दाखविले असते. त्या उत्तराला पुरवणी जोडण्याची वेळ पुढे कशी आली, ते यथावकाश सांगतो.

योग म्हटला की आज बहुतेकांच्या मनात आसने येतात. ते स्वाभाविकच आहे. आसन दिसते, त्याचे छायाचित्र निघते, त्याच्या स्पर्धा भरविता येतात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन ठरविला, १७७ राष्ट्रांनी त्या ठरावाचे सहप्रायोजकत्व स्वीकारले, आणि २०१५ पासून त्या दिवशी मैदानेच्या मैदाने भरून जातात. याचा आनंद मानण्यास आमची काहीच हरकत नाही. परंतु पतंजलींच्या सूत्रांमध्ये आसनाच्या वाट्याला अवघी तीन सूत्रे आली आहेत, आणि त्यांचे सार एवढेच की शरीर स्थिर व सुखाने बसलेले असावे. आठ अंगांच्या मांडणीत आसनाच्या आधी यम आणि नियम आहेत. अहिंसा, सत्य, अस्तेय हे सर्व आधी. आसनानंतर चौथ्या स्थानी प्राणायाम येतो. हे चौथे स्थान मोठे मर्माचे आहे. त्याच्या अलीकडचे सारे मनुष्याच्या वागण्याशी व देहाशी निगडित आहे, पलीकडचे सारे त्याच्या चित्ताशी. प्राणायाम या दोहोंमधला उंबरठा होय.

श्वासालाच हा मान का मिळावा, याचा विचार केला म्हणजे आमच्या पूर्वजांच्या निरीक्षणशक्तीचे कौतुक वाटते. हृदय आपल्या आज्ञेने धडधडत नाही. जठर आपल्याला विचारून अन्न पचवीत नाही. उलट हात आपण हलविला तरच हलतो. श्वास मात्र दोन्ही घरचा पाहुणा आहे. आपण झोपलो, विसरलो, बेशुद्ध पडलो तरी तो आपले काम चालू ठेवतो. आणि लक्ष दिले तर तो आपले ऐकतोही. देहाच्या बंद वाड्याला एवढा एकच दरवाजा असा आहे की ज्याला आतूनही कडी आहे आणि बाहेरूनही. भय वाटले की श्वास उथळ होतो, राग आला की तो आखूड होतो, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. मनाचा परिणाम श्वासावर होतो, तर श्वासाचा मनावर का होऊ नये, हा हठयोग्यांचा साधा तर्क. पतंजलींनी प्राणायामाचे फळ सांगितले तेही असेच संयमाने: प्रकाशावरचे आवरण विरळ होते आणि मन धारणेस योग्य होते. सूत्रांच्या तिसऱ्या पादात सिद्धींची लांबलचक वर्णने येतात, पण प्राणायामाच्या ठायी आकाशगमनही नाही आणि रोगनिवारणही नाही.

मनाची योग्यता होणे आणि मन प्रत्यक्ष शांत होणे यांतले अंतर आमच्या बडोद्याच्या इतिहासातच एके ठिकाणी स्वच्छ दिसते. श्रीअरविंद १८९३ पासून १९०६ पर्यंत बडोदे संस्थानच्या सेवेत होते. नर्मदाकाठच्या चांदोद येथील ब्रह्मानंद यांचे देवधर नावाचे एक शिष्य पेशाने अभियंता होते. त्यांच्याकडून अरविंदांनी १९०४ च्या सुमारास प्राणायाम शिकून घेतला आणि दिवसाचे कित्येक तास तो केला. प्रकृती सुधारली, कविता वेगाने सुचू लागली, असे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. मात्र त्या पलीकडे वाट सापडेना. डिसेंबर १९०७ मधले सुरतेचे काँग्रेस अधिवेशन मोडले आणि त्यानंतर, १९०८ च्या जानेवारीत, बडोद्यास त्यांची गाठ विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याशी पडली. सरदार मजुमदारांच्या वाड्यातील वरच्या खोलीत दोघे तीन दिवस बसले. लेल्यांनी प्राणायाम वाढविण्यास सांगितले नाही. विचार बाहेरून येतात, ते येताना पाहा आणि आत शिरण्यापूर्वीच परतवून लावा, एवढेच त्यांचे सांगणे. तीन दिवसांत मन निःशब्द झाले, असे अरविंदांनी नमूद करून ठेवले आहे. तीन दिवस हा आकडा वाचून आपल्यापैकी कोणी हुरळून जाऊ नये. त्याआधीची वर्षेही मोजावीत. लेल्यांचे नाव आज मराठी माणसांतही फार थोड्यांना ठाऊक आहे, याची आम्हांस खंत वाटते.

याच बडोद्याच्या आसमंतात प्राणायामाला विधीच्या कोषातून बाहेर काढणारा दुसरा पुरुष निपजला. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ सालचा, बडोद्याजवळील डभोईचा. राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात ते १९०७ ते १९१० या काळात शरीराने घडले. पुढे अमळनेरच्या शिक्षणसंस्थेत त्यांनी काम केले, आणि नर्मदाकाठी मालसर येथे राहणाऱ्या परमहंस माधवदासांकडून त्यांना योगाची दीक्षा मिळाली. त्या काळी योग्याने सांगितलेले शिष्याने शिरोधार्य मानावे हीच रीत होती. गुण्यांनी गुरूवर श्रद्धा पूर्ण ठेवली आणि गुरूने शिकविलेली क्रिया मात्र यंत्रासमोर नेऊन बसविली! बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान आणि नौली या क्रिया चालू असताना पोटात काय होते ते त्यांनी पाहिले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब वातावरणाच्या दाबाहून कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखविले आणि त्या निर्वात स्थितीला आपल्या गुरूचे, माधवदासांचे नाव दिले. बस्तिक्रियेत पाणी आपोआप वर कसे चढते, या जुन्या कोड्याचा उलगडा त्यातून झाला. १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम उभे राहिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी नियतकालिक निघाले. गुणे तोवर स्वामी कुवलयानंद झाले होते.

कुवलयानंदांच्या कामात आम्हांस सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की यंत्राने परंपरेच्या बाजूने कौल दिला तेव्हा त्यांनी तो जसा छापला, तसाच तो लोकप्रिय समजुतीच्या विरुद्ध गेला तेव्हाही छापला. प्राणायामाने रक्तात प्राणवायू, म्हणजे ऑक्सिजन, भरभरून जातो, हे त्या काळी योगाचे समर्थक मोठ्या अभिमानाने सांगत. आजही सांगतात. कुवलयानंदांनी प्राणायामाच्या आवर्तनातील वायूंचे मोजमाप केले आणि ऑक्सिजन अधिक शोषला जातो ही समजूत टिकत नाही, असे स्पष्ट मांडले. थोडा विचार केला तर ते पटण्यासारखेही आहे. निरोगी मनुष्याचे धमन्यांतील रक्त बसल्या ठिकाणीच शंभरास पंचाण्णवाहून अधिक ऑक्सिजनने भरलेले असते. भरलेल्या घागरीत आणखी किती ओतणार? प्राणायामाचे शारीरिक मोल मज्जासंस्थेला मिळणाऱ्या शिक्षणात आहे, हे त्यांचे प्रतिपादन. आपल्या पक्षाचा सर्वांत टाळ्या मिळविणारा दावा आपणच खोडून काढावयाचा, याला जी वृत्ती लागते ती यमांपैकी सत्याची साधना होय, असे आम्ही मानतो. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी दाखविलेल्या दिशेने पुढे जे संशोधन झाले, त्यातील एक प्रयोग गोमंतकातील वाचकांस विशेष रुचेल. २००१ साली इटलीतील काही वैद्यांनी तेवीस निरोगी माणसे घेतली. त्यांच्याकडून एकदा लॅटिन भाषेतील मारियेची प्रार्थना, रोझरीच्या मण्यांवर म्हणतात ती, म्हणवून घेतली. आणि एकदा बौद्धांचा एक मंत्र. दोन्ही वेळी श्वास आपोआप मंदावला आणि मिनिटाला सुमारे सहांवर आला. एरवी स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटाला बारा ते अठरा श्वास घेतो. सहांच्या लयीत श्वास चालू लागला की रक्तदाब सांभाळणारी जी अंतर्गत यंत्रणा आहे ती अधिक तत्पर होते, आणि हृदयाची गती श्वासाबरोबर डुलू लागते: श्वास घेताना किंचित जलद, सोडताना संथ. प्रयोगकर्त्यांना कोणत्याही धर्माचा कैवार घ्यावयाचा नव्हता. पण पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून, एकीकडे माळ आणि एकीकडे रोझरी ओढणाऱ्या आजीबाईंच्या श्वासाची लय एकच असावी, हे वाचून आम्हांस फार बरे वाटले.

हा प्रयोग वाचल्यावर आम्हांस देवघराच्या उंबऱ्याशी बसलेली आजी आठवली. एका दमात ठरावीक नामे, मग एक मोकळा श्वास, पुन्हा नामे. तिला पूरक, कुंभक, रेचक हे शब्द ठाऊक नव्हते. शास्त्राने तिला अधिकार दिला नव्हता आणि श्वासाने तो मागितला नव्हता. म्हणूनच मघाच्या प्रश्नाला आज आम्ही बोट दाखवावयाचे ठरविले, तर दोन्ही हात वापरावे लागतील.

ओंकाराच्या किंवा भ्रामरीच्या गुंजारवाविषयीही असेच एक निरीक्षण आहे. नाकाभोवतालच्या अस्थिविवरांत नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो. तोंड मिटून गुणगुणत श्वास सोडला तर नाकातून बाहेर पडणाऱ्या या वायूचे प्रमाण मुकाट्याने सोडलेल्या श्वासापेक्षा सुमारे पंधरापट होते, असे स्वीडनमधील संशोधकांनी २००२ मध्ये दाखविले. विवरांतील हवा खेळती राहते, एवढा त्याचा सरळ अर्थ. तसेच आपल्या दोन्ही नाकपुड्या सारख्याच मोकळ्या नसतात. काही वेळ डावी, काही वेळ उजवी, असा त्यांचा पाळीपाळीने क्रम चालतो. युरोपात याचे शास्त्रीय वर्णन १८९५ मध्ये झाले. आमच्याकडे चंद्रस्वर व सूर्यस्वर या नावांनी ते स्वरोदयाच्या अभ्यासकांना त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होते. त्यावरून प्रश्नाचे शुभाशुभ सांगण्यापर्यंत जी मजल गेली, ती मात्र आमच्या पचनी पडत नाही.

आता थोडे कटू. आमच्या धाकट्या बंधूंना लहानपणापासून दमा. आजोबांनी त्यांना कधी कुंभक शिकविला नाही. “याच्या छातीला श्वास धरावयास लावू नका, सोडावयास शिकवा,” एवढेच ते म्हणत. ते वारले, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी, बंधू पन्नाशीला आले असताना, एका योगशिबिराला गेले. शिबिर कोणाचे हे सांगण्याचे कारण नाही. तेथील शिक्षकांनी तिसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष सांगितले, की औषधाचा फवारा हे मनाच्या दुबळेपणाचे लक्षण आहे, तो आजच टाकून द्यावा. बंधूंनी टाकला. चौथ्या दिवशी पहाटे तीन वाजता आम्ही त्यांना रिक्षात घालून रुग्णालयात नेत होतो, आणि वहिनी त्यांची पाठ चोळीत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, “अहो, हळू सोडा, हळू सोडा.” त्या रात्री त्यांना श्वास सोडता येत नव्हता. दम्याचे मर्मच ते आहे; घेतलेला श्वास बाहेर पडत नाही.

बंधू बरे झाले. पुष्कळ महिने त्यांनी योगाचे नाव काढू दिले नाही, आणि आम्हीही काढले नाही. मग त्यांच्या डॉक्टरांनीच सुचविले की फवारा चालू ठेवून, कुंभकाच्या वाटेला न जाता, दीर्घ रेचकाचा अभ्यास करण्यास हरकत नाही. ते तसा अभ्यास करू लागले. वर्षभराने फरक पडला तो असा: दमा गेला नाही, फवारा सुटला नाही, पण छातीत पहिली कळ येताच जी भीती दाटून यायची आणि त्या भीतीने दमा दुप्पट व्हायचा, ती भीती कमी झाली. रात्री खिडकीशी बसून काढणे कमी झाले. २०१६ मध्ये दम्यावरील योगाच्या पंधरा चाचण्यांचा, एकूण १,०४८ रुग्णांचा, एक साकल्याने आढावा प्रसिद्ध झाला. त्याचाही निष्कर्ष असाच मवाळ आहे. रोगलक्षणांत आणि जगण्याच्या सुखात थोडी सुधारणा संभवते, एवढेच तो म्हणतो. ‘थोडी’ हा शब्द जाहिरातीत शोभत नाही. ज्याच्या घरी दमेकरी आहे, त्याला त्या शब्दाची किंमत कळते.

यासाठीच, प्राणायामाचे दोन वैरी आहेत असे आम्ही म्हणतो. एक, तो दोन सेकंदांत उरकणारा कर्मठपणा. दुसरा, त्याला सर्व रोगांवरचे रामबाण औषध करून विकणारा उतावळेपणा. पहिल्याने विद्या झोपविली. दुसरा तिला बाजारात उभी करतो. हठयोगाचे ग्रंथ स्वतः या बाबतीत किती सावध आहेत! सिंह, हत्ती, वाघ यांना जसे हळूहळू माणसाळवितात तसाच वायू वश करावा, नाही तर तो साधकाचाच घात करतो, असा इशारा हठप्रदीपिकेत प्राणायामाच्याच प्रकरणात दिलेला आहे. पूरक, कुंभक आणि रेचक यांचे एकास चार आणि दोन हे प्रमाण परंपरेने सांगितले, ते अनेक वर्षे गुरूजवळ बसणाऱ्यासाठी. पोथीत किंवा चित्रफितीत पाहून पहिल्याच आठवड्यात ते साधू पाहणाऱ्याने, विशेषतः ज्याला रक्तदाब किंवा हृदयविकार आहे त्याने, आधी आपल्या डॉक्टरांना भेटावे.

आमच्या भागातील देवळाच्या सभामंडपात गेली काही वर्षे आठवड्यातून तीन दिवस पहाटे प्राणायामाचा वर्ग चालतो. तो सुरू होण्यापूर्वी विश्वस्त मंडळींत जी चर्चा झाली, ती ऐकण्यासारखी होती. एका वृद्ध शास्त्रीबुवांचे म्हणणे, मंत्राशिवाय प्राणायाम म्हणजे मूर्तीवाचून गाभारा. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, गायत्री सक्तीची केली तर स्त्रिया संकोचतील आणि ज्यांची मुंज झाली नाही ते उंबऱ्याबाहेरच राहतील. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. काल मोजण्यासाठी मंत्र आला की मंत्रासाठी काल, या वादात एक संध्याकाळ गेली. अखेर शास्त्रीबुवांनीच तोडगा काढला. मात्रा मोजण्यास काहीतरी हवेच. मग आकडे मोजण्यापेक्षा ज्याने त्याने आपल्या कुलदैवताचे नाव मोजावे. मांडवीकडून येणाऱ्या एक काकू पहिल्याच दिवशी आम्हांस विचारू लागल्या, “भाऊ, मला आपले ‘राम कृष्ण हरी’ बरे वाटते. घेताना एकदा, सोडताना दोनदा. चालेल ना हो?” चालेल काय, त्याहून चांगले प्रमाण आम्हांला तरी सांगता आले नसते! श्वास घेण्याच्या दुप्पट वेळ तो सोडण्यास द्यावा, हेच नवशिक्यासाठी उत्तम. वर्गात आज बायका अधिक आणि पुरुष कमी, अशी स्थिती आहे. शास्त्रीबुवा स्वतः येतात, मागच्या खांबाला टेकून बसतात आणि आपली संध्या तेथेच करतात. त्यांच्या प्राणायामाला आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो, हे आम्ही घड्याळ न पाहताही सांगू शकतो.

आमचा स्वतःचा अनुभव विचाराल तर सांगण्यासारखा चमत्कार त्यात नाही. झोप लवकर लागते. कोणी टोचून बोलले की उत्तर तोंडात येते, पण ते ओठांवर येण्याआधी मध्ये एक श्वास मावतो, आणि दहांपैकी चार वेळा तरी ते उत्तर मग देण्यासारखे वाटत नाही. उरलेल्या सहा वेळांविषयी घरच्यांना विचारावे. ध्यानधारणेचे म्हणाल, तर एखाद्या पहाटे, रेचक संपून पुढचा पूरक सुरू होण्याच्या मधल्या जागेत, क्षणभर काहीच नसते. ज्ञानेश्वर माउलींनी सहाव्या अध्यायात योग्याच्या देहात प्राण स्थिरावतो त्या वेळेचे जे भव्य वर्णन केले आहे, त्याच्याशी या क्षणाचा काही संबंध आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण तो क्षण येऊन गेला म्हणजे सभामंडपातला दगडही काहीसा मऊ वाटतो.

ज्यांना घरीच आरंभ करावयाचा आहे त्यांच्यासाठी थोडे. रिकाम्या पोटी, चटईवर किंवा घोंगडीवर बसावे. मांडी घालता येत नसेल तर खुर्चीवर, पाठ सरळ ठेवून. नाक चोंदले असेल त्या दिवशी नाकपुड्या मिटण्याचा खटाटोप करू नये. प्रथम काही दिवस श्वास केवळ पाहावा. मग तो सोडताना लांबवावा. ‘लांबवावा’ म्हणजे ताणावा असे नव्हे. पुढचा श्वास घेताना घाई झाली तर मागचा ताणला गेला होता असे ओळखावे. पाच मिनिटे पुरेत. श्वास धरण्याची गोष्ट जाणत्या माणसाजवळ बसून मग.

सभामंडपाच्या दाराशी वर्गाची पाटी लावावयाची ठरली, तेव्हा एका उत्साही विश्वस्तांनी मजकूर लिहून आणला होता: मधुमेह, रक्तदाब, दमा, निद्रानाश यांवर खात्रीचा उपाय. आम्ही बंधूंची हकीकत सांगितली. मजकुरातला एकेक रोग खोडला जाऊ लागला. निद्रानाशापाशी थोडा वाद झाला, पण शेवटी तोही खोडला. आता पाटीवर एवढेच आहे: सोमवार, बुधवार, शुक्रवार, पहाटे साडेपाच. रिकाम्या पोटी यावे. चालू औषधे बंद करू नयेत.